वस्तीच्या सुरक्षिततेचे मूल्यमापन : चिपळूणचे उदाहरण

उद्दिष्टे
या पाठाच्या अध्ययनानंतर तुम्हाला
• पूररेषांचा अर्थ स्पष्ट करता येईल;
• स्वतःच्या वस्तीच्या सुरक्षिततेचा अंदाज घेता येईल.

प्रास्ताविक
वस्तीची सुरक्षितता केवळ रस्ते, दिवे आणि पोलीस चौकी यांवरून ठरत नाही. नगररचनेत जमीन आणि पाणी यांचाही विचार करावा लागतो. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण शहराच्या आधारे आपण तो करू.

विषय-विवेचन
चिपळूण वाशिष्ठी व शिव या नद्यांच्या काठी वसले आहे. सह्याद्रीवर पडलेला पाऊस अल्पावधीत खाली उतरतो. कोयना प्रकल्पातील वीजनिर्मितीनंतरचे पाणीही वाशिष्ठीत येते. त्याच वेळी दाभोळच्या खाडीला भरती असेल, तर पाण्याचा निचरा मंदावतो. जुलै 2005 आणि जुलै 2021 मध्ये शहरात पुराचे पाणी शिरले. 1864 पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरालाही या दोन्ही पुरांची झळ पोहोचली.

पुराचा धोका ओळखण्यासाठी जलसंपदा विभाग पूररेषा निश्चित करतो. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दर्शविते. नदी व निळी रेषा यांमधील भाग निषिद्ध क्षेत्र, तर निळ्या व लाल रेषेमधील भाग नियंत्रित क्षेत्र मानला जातो.

‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ ‘एकदा पूर आला, आता शंभर वर्षे निश्चिंती’ असा नव्हे. लाल रेषेलगतच्या घराला दरवर्षी 1 टक्का धोका असतो. त्या घरात 30 वर्षे राहणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला तसा पूर येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के होते. निळ्या रेषेलगत हीच शक्यता सुमारे 71 टक्के असते. घराचे कर्ज फेडण्यास लागणारा काळ लक्षात घेतला, म्हणजे या आकड्यांचे गांभीर्य कळेल.

तथापि, रेषा आखल्याने प्रश्न संपत नाही. जुन्या पेठेतील घर निषिद्ध क्षेत्रात आल्यास त्याच्या पुनर्बांधणीचे काय, आणि रहिवाशाने उपजीविका सोडून कोठे जावे, याचे उत्तरही नियोजनाने दिले पाहिजे. धोका दाखवून पर्याय न देणारे मूल्यमापन अपुरे होय.

सारांश
मागील काही वर्षे शांततेत गेली, हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. जागेचा उतार, पाण्याची वाट आणि बाहेर पडण्याचा मार्ग एकत्रितपणे तपासावेत.

स्वयं-अध्ययनासाठी कृती
वस्तीतील दोन वृद्ध रहिवाशांकडून आजवरच्या सर्वोच्च पाण्याची खूण जाणून घ्या. त्या पातळीचे पाणी रात्री आले, तर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कोणत्या वाटेने बाहेर काढता येईल, ते नकाशा काढून दाखवा.