एक लेखन, अनेक यंत्रें

डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेंत सी भाषा सिद्ध केली. तींत ग्राफिक्स ड्रायव्हर लिहितांना मापांविषयीं सावध असावें, असें आम्हांस वाटतें. 'लाँग' हा प्रकार ६४ बिटांच्या लिनक्सवर ८ बाइटांचा, तर विंडोजवर ४ बाइटांचाच असतो. चार बाइटांच्या रजिस्टरांत आठ बाइट लिहिल्यास शेजारचें रजिस्टर बिघडून पडद्यावरील चित्र विस्कटूं शकतें. म्हणून १९९९ च्या प्रमाणांत आलेले निश्चित मापाचे प्रकार योजावे. बाइटांचा क्रमहि गृहीत धरूं नये. तो उलटला कीं रंगांची अदलाबदल होते. यंत्रागणिक बदलणारा भाग निराळ्या फाइलींत ठेवावा, म्हणजे नव्या यंत्रासाठीं तेवढाच पुन्हा लिहावा लागेल.