संगणकाच्या किल्ल्या कोणाच्या हाती?



ऊस नोंद, तोडणीचा प्रोग्रॅम, काट्यावरचे वजन, कपाती आणि बिल ही कामे आता संगणकावर चालतात. गट कार्यालय, काटा, शेतकी आणि हिशेब विभाग यांचे संगणक एकमेकांना जोडलेले असतात व सगळी माहिती सर्व्हर नावाच्या मुख्य संगणकात साठते. पूर्वी काट्याची वही काट्यावर, बिलाची वही हिशेबात. दुसऱ्याच्या वहीत खाडाखोड करायची तर तिथवर चालत जावे लागे, आणि चार माणसे बघत. आता एका खुर्चीत बसून साऱ्या वह्या उघडता येतात. म्हणून कोणी काय उघडायचे, हे आधीच ठरवावे लागते.

गट म्हणजे काय?

प्रत्येक कर्मचाऱ्याला संगणकात स्वतःचे नाव व पासवर्ड असतो. पण माणसागणिक वेगळी परवानगी देत बसलो तर घोळ होतो. त्यासाठी गट करतात. हा गट आपल्या केज गटासारखा गावांचा नव्हे, तर एकच काम करणाऱ्यांचा. परवानगी गटाला द्यायची आणि माणूस त्या गटात घालायचा. काट्यावरचा कारकून गोडाऊनला बदलून गेला, की त्याला काट्याच्या गटातून त्याच दिवशी काढायचे. राहून गेले, तर किल्ली त्याच्या खिशातच राहिली म्हणायची!

अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये तयार झालेल्या युनिक्स या संगणक प्रणालीत १९७० च्या दशकापासून हीच रीत आहे. तिथे माणसांचे तीन वर्ग असतात: मालक, गट आणि बाकीचे. परवानग्याही तीन: वाचणे, लिहिणे, चालवणे. १९७५ साली साल्टझर व श्रोडर या संगणकतज्ज्ञांनी याचे सूत्र मांडले. त्याचा मतलब एवढाच, की ज्याचे जेवढे काम, त्याला तेवढीच परवानगी.

कारखान्यात हे कसे लावावे?

१. चिटबॉय : आपल्या गावांची ऊस नोंद भरेल, मंजूर करणार नाही.
२. काटा कारकून : वजन घेईल, पावती निघाल्यावर आकडा बदलू शकणार नाही.
३. हिशेब विभाग : वजन वाचेल, बिल काढेल, वजनाला हात लावणार नाही.
४. सभासद : स्वतःचेच खाते पाहील.
५. संगणक विभाग : माणसे गटात घालेल व काढेल, तीही लेखी आदेशानेच.

समजा, १८.४५० टनांचे कोणी १६.४५० केले. एकच आकडा बदलला, पण शेतकऱ्याचा दोन टन ऊस गेला. म्हणून दुरुस्ती एकाने सुचवावी, दुसऱ्याने मंजूर करावी, आणि जुना आकडा, नवा आकडा, नाव व वेळ संगणकात कायम राहावी. फेरफारात हेच असते. नोंद तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) घेतो, प्रमाणित मंडळ अधिकारी करतो. उलट मुकादमाच्या वहीचे बघा. उचल लिहिणारा तोच, फेड मांडणारा तोच. मग तोडणी कामगाराने दाद मागायची कुणाकडे? बीड जिल्ह्यात हे कुणाला वेगळे सांगायला नको.

पासवर्ड उसना देऊ नये

"साहेब जेवायला गेलेत, त्यांच्या नावाने टाक" असे म्हणणे सोपे आहे. पण मग नोंदीत नाव साहेबांचे आणि हात दुसऱ्याचा; चूक झाली तर धरायचे कोणाला? दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क (सी) खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे.

सभासदांचे काम

वारणानगर परिसरातील ७० गावांत १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' योजना सुरू झाली, तेव्हा शेतकऱ्याला गावातच उसाची माहिती संगणकावर मिळावी हा हेतू होता. पाहण्याचा हक्क सभासदाचा आहे. तो आपण वापरला पाहिजे. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात. तेवढ्या मुदतीत वजनाची पावती आणि खात्यावरचा आकडा ताडून पाहावा. पावती जपून ठेवावी.

वार्षिक सभेत तीन प्रश्न जरूर विचारावेत. वजन दुरुस्तीची परवानगी किती जणांना आहे? बदली व निवृत्ती झालेल्यांची नावे गटातून निघाली का? हंगामात किती दुरुस्त्या झाल्या व त्या कोणी मंजूर केल्या? विचारण्यात संकोच नको. कारखाना आपला आहे, तशा त्याच्या किल्ल्याही आपल्याच आहेत.