सातवा सोबती (महाप्रस्थानिक पर्व, अध्याय 3)

आजचं वाचन महाभारताचं सतरावं पर्व, महाप्रस्थानिक. सगळं मिळून तीनच अध्याय आहेत. ऑफिसला जाताना मेट्रोमध्ये बसल्या बसल्या वाचून होतील. पण तिसऱ्या अध्यायावर जरा थांबा, कारण आज आपल्याला एका कुत्र्याबद्दल बोलायचंय. खरं तर दोन कुत्र्यांबद्दल, आणि दुसरा आमच्या सडक अर्जुनीचा आहे.

गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण घाईत ऐकलेली असते. पाच पांडव, द्रौपदी आणि सातवा एक कुत्रा हस्तिनापुरातून निघतात. आपल्या डोक्यात थेट हिमालयाचं चित्र येतं. पण ते आधी पूर्वेकडे गेले, मग दक्षिणेकडे, मग पश्चिमेला समुद्रात बुडालेली द्वारका पाहून शेवटी उत्तरेकडे वळले. म्हणजे अख्ख्या भूमीला प्रदक्षिणा. तो कुत्रा एवढं सगळं चालला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, त्याचं नाव कुठे दिलेलं नाही, वयही नाही. मी मात्र तो म्हातारा होता असंच धरून चालते. एवढं चालून तरुण कोण राहील?

मग एकेक जण पडतो. द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. शेवटी युधिष्ठिर आणि कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, चढ, पण कुत्र्याला सोड.

इथून पुढचा संवाद नीट वाचा. इंद्र मूर्खासारखं बोलत नाहीये. तो आपल्या आजीसारखं बोलतोय! त्याचं म्हणणं असं, की कुत्रा बाळगणाऱ्याला स्वर्गात जागा नाही. यज्ञ, दान, होम यांवर कुत्र्याची नुसती नजर पडली तरी त्यांचं पुण्य जातं. सोवळ्याचा नियम तो सरळ सांगतो. आणि युधिष्ठिर त्या नियमाशी वाद घालत नाही. कुत्रा पवित्र असतो, असं तो एकदाही म्हणत नाही. तो एवढंच म्हणतो, की हा माझ्यावर विसंबून माझ्यासोबत आला आहे आणि स्वतःच्या सुखासाठी मी याला टाकणार नाही. त्याच्या तोंडी शब्द आहे ‘भक्तत्याग’. आपण भक्त म्हणजे देवापुढे हात जोडणारा एवढंच समजतो. इथे भक्त कुत्रा आहे, आणि त्याला न सोडण्याची जबाबदारी माणसाची आहे.

इंद्र मग दुसरं अस्त्र काढतो. भावांना सोडलंस, द्रौपदीला सोडलंस, मग या कुत्र्यातच काय अडकलंय? युधिष्ठिराचं उत्तर मला या पर्वातलं सगळ्यात मोठं वाटतं. तो सांगतो, की ती मेली होती. मेलेल्यांना परत आणणं माझ्या हातात नव्हतं. जिवंत असताना मी त्यांच्यापैकी कोणालाही सोडलेलं नाही. हा जिवंत आहे.

आता सडक अर्जुनी.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर. धानाचा पट्टा, आजूबाजूला जंगल, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पही जवळच. मी नागपुरात नोकरी करते, पण दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत घरी जातेच. मागच्या वेळी गेले तेव्हा शेतांत धानाचे पुंजणे उभे होते, आणि शेजारच्या काकाजींच्या घराला कुलूप होतं. काकाजी पावसाळ्यात वारले. मुलं बाहेरगावी. घर बंद झालं आणि मोत्या सपरीत राहिला. गावातल्या लोकांच्या हिशेबाने अकरा-बारा वर्षांचा. तोंडावरचे केस पांढरे, मागचे पाय ताठलेले. आई त्याला रोज भात टाकायची. तो खायचा आणि परत त्या कुलपाखाली जाऊन बसायचा.

गावात कोणी वाईट नव्हतं, हे मुद्दाम सांगते. सगळे त्याला काहीतरी द्यायचेच. पण प्रत्येकाच्या बोलण्यात एक वाक्य यायचं, “आता त्याचं रायलं तरी काय?” हे इंद्राचंच वाक्य. एवढी माणसं गेली, मग या कुत्र्यातच काय अडकलंय?

मी काकाजींच्या मोठ्या मुलाला फोन केला. “दादा, मोत्याला मी नेऊ का?” ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “ने. बाबांना बरं वाटंल.” ही विचारपूस आवश्यक आहे बरं का. मालक गेला म्हणून कुत्रा बेवारस ठरत नाही. घरच्यांना आधी विचारायचं. आणि ज्यांना पाळलेला प्राणी ‘सोडून द्यायचा’ असतो त्यांच्यासाठी: 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, प्राण्याला उपासमार किंवा तहान भोगावी लागेल अशा स्थितीत विनाकारण टाकून देणं हा गुन्हा आहे. धर्म आणि कायदा इथे एकाच बाजूला उभे आहेत.

खरा प्रश्न घरात होता. आजी नागपुरात माझ्याजवळच राहते आणि तिचं सोवळं कडक. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हाच अडथळा असतो, आणि मग एक तर आपण कुत्र्याचा विषय सोडतो किंवा आजीला ‘जुन्या विचारांची’ ठरवून भांडतो. मी तिला हा तिसरा अध्याय वाचून दाखवला. तिला पटवायला नाही. ती रोज पोथी ऐकतेच. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “मंजे इंद्राचंबी खरं होतं. पोरी, देवघरात नाई आला पाह्यजे, बस.” आता देवघराच्या दाराला लाकडी पाटी आडवी लावलेली असते. नियमही राहिला, कुत्राही राहिला. युधिष्ठिराने हेच केलं होतं. त्याने इंद्राचं शास्त्र खोडलं नाही, फक्त आपला सोबती सोडला नाही.

इथे महाभारताची एक गंमत सांगते. ग्रंथाच्या अगदी सुरुवातीला, आदिपर्वात, पौष्य उपपर्व आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचा दीर्घ यज्ञ चालू असताना तिथे एक कुत्रा येतो आणि जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. तो रडत आईकडे जातो. आई म्हणजे सरमा, देवांची कुत्री. ती यज्ञात येऊन विचारते, की माझ्या मुलाने हवीकडे पाहिलं नाही, त्याला तोंड लावलं नाही, मग मारलं का? कोणी उत्तर देत नाही. ती शाप देते, की तुमच्यावर न दिसणारं भय येईल. बघा, तिथेही मुद्दा तोच आहे, हवीवर पडलेली कुत्र्याची नजर. जनमेजय हा अर्जुनाचा पणतू. म्हणजे पणजोबांच्या पिढीत ज्या नियमापुढे एक माणूस कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारून उभा राहिला, पणतूच्या पिढीत त्याच नियमाच्या नावाने निरपराध कुत्र्याला मार बसला. ग्रंथ उघडतो तो मार खाल्लेल्या कुत्र्यावर आणि मिटत येतो तो न सोडलेल्या कुत्र्यावर. पुण्यात भांडारकर संस्थेने चिकित्सक आवृत्तीसाठी एवढी हस्तलिखितं ताडून पाहिली, त्यांच्या पाठातही ही दोन्ही कुत्री आहेत.

आता थोडं व्यवहाराचं, कारण भावनेच्या भरात म्हातारं कुत्रं आणायचं आणि महिन्याने परत सोडायचं, हा दुप्पट भक्तत्याग झाला.

शेल्टरमध्ये गेलात तर पिल्लाभोवती गर्दी दिसेल. म्हातारी कुत्री मागच्या पिंजऱ्यात पडून असतात. मोठ्या जातीचं कुत्रं साधारण सात वर्षांनंतर म्हातारं धरतात, लहान जातीचं आणखी काही वर्षांनी. आपली गावठी कुत्री काटक, नीट सांभाळली तर बारा-पंधरा वर्षंही जगतात. म्हणजे आठ-नऊ वर्षांचं कुत्रं ‘शेवटच्या दिवसांचं’ नसतं. त्याचे फायदेही आहेत. ते चपला फाडत नाही, त्याचा स्वभाव आधीच कळतो, आणि घरात झोप बरीच असते. त्याची आणि आजीची वामकुक्षी एकाच वेळेला चालते.

पण खर्च आणि वेळ लागतो. आणलं की पहिल्या आठवड्यात डॉक्टरकडे न्या. रक्त आणि लघवीची तपासणी, दात, रेबीजची लस, जंताचं औषध, गोचिड्या. आपल्याकडे गोचिडीचा ताप बऱ्याच कुत्र्यांना होतो आणि तो रक्ततपासणीतच कळतो. गावाकडे ढोरांचा दवाखाना असतो, तिथले डॉक्टर लस आणि साधे उपचार करतात. मोत्याची मोठी तपासणी मी नागपुरात केली. मूत्रपिंड थोडं कमजोर निघालं. खूप पाणी पिणं आणि वारंवार लघवी करणं हे वयाचं म्हणून सोडून देऊ नका. त्यामागे मूत्रपिंड किंवा मधुमेह असू शकतो. डोळे निळसर दिसले म्हणजे मोतीबिंदूच असेल असंही नाही. उतारवयात भिंग तसंही धूसर होतं आणि कुत्र्याला बऱ्यापैकी दिसत असतं.

पाय दुखतायत म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची गोळी द्यायची नाही. कांदा, द्राक्षं, चॉकलेट नाही. आणि हो, पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ती गोष्ट मलाही फार प्रिय आहे. पण ती पाहण्याच्या दृष्टीची गोष्ट आहे, आहाराचा तक्ता नव्हे. म्हाताऱ्या कुत्र्याला तुपकट खाऊन स्वादुपिंडाची सूज येऊ शकते. मोत्याचं खाणं डॉक्टरांनी लिहून दिलंय, तेवढंच मिळतं. तूप आजी खाते.

गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात, म्हणून जुनी रबरी चटई अंथरली. पाण्याची भांडी दोन ठिकाणी. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही; उतरताना पोटाखालून चादरीची पट्टी घालून मागचा भार मी उचलते. पहिले तीन दिवस तो दाराकडे तोंड करून बसला होता. तीन आठवड्यांनी रात्री शांत झोपायला लागला. प्राणी सांभाळणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा अंदाज सांगतात, म्हणजे सावरायला, रुळायला आणि आपलं मानायला. मोत्याला आपलं मानायला चार महिने लागले.

एक शंका मला सत्संगातल्या एका ताईने विचारली. “दोन वर्षांत जाणारच असेल, तर एवढा जीव लावायचा कशाला?” प्रश्न खरा आहे. आपल्या सेनेतसुद्धा पूर्वी काम न करू शकणाऱ्या कुत्र्यांना इंजेक्शन देऊन संपवत असत. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, 2015 मध्ये धोरण बदललं, आणि आता निवृत्त कुत्री दत्तक देता येतात. उपयोग संपला की संबंध संपला, हा हिशेब किती सहज होतो बघा. ताईंना मी युधिष्ठिराचंच उत्तर दिलं, की गेल्यावरचं आपल्या हातात नाही, पण तो आज जिवंत आहे. त्या म्हणाल्या, “पण रडायला येईल ना गं.” येईलच. भीम पडला तेव्हा युधिष्ठिर मागे वळला नाही, आणि मला ते नेहमीच जरा जड जातं. पण कुत्र्यासाठी मात्र तो थांबला.

पुढे कुत्रा धर्मदेवतेच्या रूपात प्रकट होतो. तो द्वैतवनातल्या तळ्याची आठवण काढतो, जिथे युधिष्ठिराने स्वतःच्या सख्ख्या भावांऐवजी माद्रीच्या नकुलाचा जीव मागितला होता. कीर्तनात इथे टाळ्या पडतात. मला वाटतं, हा भाग वाचताना सावध राहावं. कुत्र्यात देव आहे हे युधिष्ठिराला माहीत नव्हतं. माहीत असतं तर ते सोपं झालं असतं. त्याच्यासमोर एक थकलेलं जनावर होतं आणि रथ निघायच्या बेतात होता. म्हणून पुण्यासाठी म्हातारं कुत्रं घेऊ नका. मोत्या अजून काही धर्मदेवता झालेला नाही. काल त्याने माझ्या जपाच्या आसनावर लघवी केली. आसन धुऊन वाळत घातलंय, आज चटईवर बसले.

ज्यांना खरंच जमणार नाही त्यांनी मोकळ्या मनाने नाही म्हणावं. भाड्याचं घर, सतत प्रवास, घरात कोणाला दमा, ही खरी कारणं आहेत. तुमच्या गल्लीत एखादं म्हातारं कुत्रं असेल तर त्याला लस टोचून घेणं आणि उन्हाळ्यात सावलीत पाण्याचं भांडं ठेवणं एवढंही करता येतं. विदर्भात मे महिन्यात त्या एका भांड्याची किंमत काय असते, हे इकडच्यांना सांगायला नको.

अभ्यासासाठी आज तिसरा अध्याय पूर्ण वाचा, आणि जमलं तर आदिपर्वातलं सरमेचं आख्यान. दोन्हीकडे हवी आणि कुत्र्याची नजर यांचा उल्लेख कुठे येतो ते खूण करून ठेवा. उद्या गीतेचा पाचवा अध्याय घेऊ. तिथे अठराव्या श्लोकात ब्राह्मण, गाय, हत्ती यांच्यासोबत कुत्राही आहे.

जय हरी.