मुखपृष्ठावरचे वारली चित्र कोणाचे?

पदरचे पैसे घालून कवितासंग्रह काढणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. भातसानगर, शहापूर, मुरबाड या भागातल्या कवीला मुखपृष्ठावर वारली चित्र असावे असे वाटणे साहजिकच आहे. मग एखाद्या दिनदर्शिकेवरून किंवा इंटरनेटवरून तारपा नाच उचलला जातो. समर्थनही तयार असते: ही तर लोककला, तिला कसला मालक?

या म्हणण्यात निम्मेच तथ्य आहे. लग्नाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याची रीत (वारली लोक चित्र ‘लिहितात’), त्रिकोणी अंगाची माणसे, तारप्याभोवतीचा फेर, यांवर कोणाचाही कॉपीराइट नाही. परंतु एका चित्रकाराने कागदावर उतरवलेले अमुक एक चित्र १९५७ च्या कायद्याप्रमाणे त्याचे असते. मग त्यावर सही नसो की कोठे नोंदणी नसो. हा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. पद्मश्री जिव्या सोमा म्हशे २०१८ साली निवर्तले. म्हणजे त्यांच्या चित्रांवरील हक्क २०७८ अखेरपर्यंत राहील. राजा रविवर्मा १९०६ सालीच गेले, त्यामुळे त्यांची चित्रे आज कोणीही छापावीत.

तयार चित्र विकत घेतले तरी ते छापण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. मोबदला देऊन मुद्दाम काढवून घेतलेल्या चित्राचे मात्र उलट आहे. वेगळा करार नसेल, तर कलम १७ प्रमाणे पहिला मालक काढवून घेणाराच! पाड्यावरच्या चित्रकाराला ५०० रुपये दिले की चित्राबरोबर त्याचा पुढचा सारा हक्कही गेला, आणि बिचाऱ्याला पत्ताही नसतो. कायदेशीर असले तरी मला हे न्याय्य वाटत नाही.

तेव्हा लेखकाने साधे पत्र करावे. हक्क चित्रकाराकडेच राहील. या पुस्तकाच्या या आवृत्तीच्या मुखपृष्ठासाठी, इतक्या प्रतींपुरती, इतक्या मोबदल्यात परवानगी. मुदत आणि प्रदेश अवश्य लिहावेत, कारण ते न लिहिल्यास कायदा पाच वर्षे व भारत असे धरतो. तोंडी परवानगीवर विसंबू नये. हक्क विकला तरी कलम ५७ प्रमाणे कर्तेपणाचा दावा चित्रकाराकडेच राहतो, म्हणून आतल्या पानावर त्याचे नाव, गाव आणि पाडा छापावा.