मित्राच्या गावचे भरीत

वांगे कुठे पिकत नाही? आपल्या परसातही चार झाडे असतात. भरीतही घरोघर होते. पण जळगावकडचा माणूस भेटला आणि भरिताची गोष्ट निघाली, की तो म्हणतो, "खरं भरीत खायचं तर आमच्याकडं या." मागच्या हिवाळ्यात आम्ही नवरा-बायको तिकडे जाऊन, पोटभर खाऊन आलो. त्याची ही हकिगत.

आमचे हे मित्र एस.टी.चे ड्रायव्हर होते. माण तालुक्यातल्या आमच्या गावी त्यांची मुक्कामाची गाडी यायची. रात्री यायची, पहाटे सुटायची. गावात खानावळ नव्हती. म्हणून ते आमच्याच घरी जेवत. पिठले, बाजरीची भाकरी, कांदा. दुष्काळाच्या साली नुसती चटणी-भाकरी. त्यांनी कधी तोंड वाकडे केले नाही. "तुमच्या भाकरीची फेड मी भरितानं करीन," असे म्हणायचे. मग ते निवृत्त होऊन गावी गेले. फोन असला तरी हिवाळ्यात त्यांचे एक पत्र ठरलेले. "थंडी पडली. वांगी आली. तुम्ही केव्हा येता?" एवढेच.

साताऱ्याहून संध्याकाळी महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलो. पुणे, दौंड, मनमाड असे करत सकाळी जळगावला उतरलो. मित्र स्टेशनवर उभेच होते. त्यांचे गाव जळगावजवळच्या आसोद्याच्या बाजूला आहे. हे आसोदे म्हणजे बहिणाबाई चौधरींचे माहेर. त्यांचा जन्म 1880 सालचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरात, शेतात काम करता करता त्या गाणी रचत. घरच्यांनी ती लिहून ठेवली, म्हणून 1952 साली त्यांचे पुस्तक निघाले. तोपर्यंत बहिणाबाई गेल्या होत्या. पण गाणी राहिली.

आता वांग्याकडे वळू. तिकडचे भरिताचे वांगे जांभळे नसते. ते हिरवे, त्यावर पांढुरक्या रेषा. चांगले मोठे, हातात जड लागणारे. आत गर पुष्कळ, बिया थोड्या. आसोदे, भादली, तापीपलीकडचे बामणोद, ही या वांग्यांची नावाजलेली गावे. 2016 साली जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसरीकडचे वांगे त्या नावाने विकता येत नाही.

दुपारी सगळे शेतावर गेलो. मित्राने कपाशीच्या वाळलेल्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, रचल्या. वांग्यांना तेलाचा हात लावला. टोचे मारले. टोचे मारले नाहीत, तर आतल्या वाफेने वांगे फुटते. मग जाळ केला. पऱ्हाटीचा जाळ झटकन भडकतो आणि झटकन बसतो. वांगे वरून काळे होते, आतून शिजते, आणि धुराचा वास गरात उतरतो. गॅसवर भाजले तर हा वास येत नाही. हिरव्या मिरच्याही तिथेच भाजल्या.

साल काढून गर लाकडाच्या खोलगट भांड्यात घातला आणि लाकडी दांड्याने ठेचला. मिक्सरला वहिनींनी हात लावू दिला नाही. त्या म्हणाल्या, "त्यात फिरवलं की चिकट होतं. ठेचलं की रेषा राहते." मिरची-लसूण ठेचून घातला. फोडणीत शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप तळले. वर कांद्याची पात, कोथिंबीर. लाल तिखट नाही, मसाला नाही. तेल मात्र हात सैल सोडून.

सोबत कळण्याची भाकरी. ज्वारी आणि काळे उडीद एकत्र दळतात, त्यात मीठही असते. ही भाकरी काळसर दिसते. पण गरम भाकरी, वर ते भरीत! आम्ही बोलायचे विसरलो.

मग मित्राच्या ताटाकडे लक्ष गेले. त्यांचे भरीत पांढुरके होते. फोडणी देण्याआधीच वहिनींनी त्यांचा वाटा काढून ठेवला होता. त्यांची भाकरीही साधी ज्वारीची होती. मित्रांना रक्तदाब आहे, साखरही आहे. दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आली, दवाखान्यात ठेवावे लागले. वांग्याचा गर तेल पितो. कितीही घातले तरी ताटात दिसत नाही. मिठाचेही तसेच. मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 5 ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा. भाजीतले, भाकरीतले, पापड-लोणच्यातले, सगळे त्यातच आले.

मित्राने आमच्या भरिताकडे हात नेला. म्हणाले, "पाहुणे आलेत. एक दिवस चालतं." वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांचा चेहरा मात्र उतरला. पाहुण्याने अशा वेळी काय करावे? गप्प बसावे तर त्यांच्या जिवाशी खेळ. अडवावे तर यजमानाचा मान जातो.

आमच्या घरातून बोलणे झाले, "भाऊ, भाकरीची फेड झाली समजा. पण आम्हाला अजून दहा हिवाळे यायचंय. तेव्हा वांगी भाजायला तुम्ही पाहिजे."

मित्र हसले. एक चमचा घेतलाच, पण एकच. मग आम्हीही त्यांच्या ताटातले बिनतेलाचे भरीत मागून घेतले. धुराचा वास त्यातच जास्त लागत होता. हे आम्ही मनापासून सांगितले, आणि पुन्हा तेलातल्या भरिताकडे वळलो. खोटे कशाला बोला?

दुसऱ्या दिवशी वरण-बट्टी होती. गव्हाच्या जाड पिठाच्या बट्ट्या, तुरीचे घट्ट वरण, वर तुपाची धार. दोन बट्ट्यांतच माणूस आडवा होतो. मित्राने एकच खाल्ली, तूप न घेता. वहिनींना कुणी काही सांगावे लागले नाही.

निघताना त्यांनी दहा वांगी कापडात बांधून दिली. घरी आमच्याकडे पऱ्हाट्या नाहीत. तुरीच्या काड्यांवर भाजली. वास जवळपास तसाच आला. तसे आम्ही पत्रात लिहिले, आणि खाली विचारले, "एक चमचा की दोन?" उत्तर वहिनींच्या हातचे आले. "आठवड्यातून एक. मी मोजते."