दोषाचा माग

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या मार्गावर चिकलठाणा लागते. येथे विमानतळ आहे, औद्योगिक वसाहत आहे आणि एस. टी.ची मध्यवर्ती कार्यशाळाही आहे. यंत्रांच्या या परिसरातील एका लहानशा गॅरेजात एके दिवशी एक जुनी मोटार ढकलत आणली गेली. वेरूळ-अजिंठ्याचे प्रवासी नेऊन तिचा चालक आपला संसार चालवीत असे.

शिकाऊ तरुणाने किल्ली फिरविली. अशा मोटारीत किल्ली फिरविताच टाकीतील विजेचा पंप क्षणभर गुणगुणतो व इंजिनाकडे पेट्रोल पाठवितो. आज टाकीतून आवाजच आला नाही.

"उस्ताद, पंप निकामी झाला. नवा बसवावा लागेल," तो म्हणाला. चालकाचा चेहरा उतरला. नव्या पंपाचा खर्च त्याला पेलणारा नव्हता.

"निकामी झाल्याचे तू पाहिलेस, की नुसते मानलेस?" उस्तादांनी विचारले. "आधी विजेचा माग काढू. दारे उघडी ठेव. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगीही पुरते."

तरुणाने फ्यूज पाहिला. तो शाबूत होता. किल्ली फिरविताच रिलेचा 'टक्' असा आवाजही आला. मग त्याने पंपाची जोडणी सोडवून तारांच्या टोकांना मीटर लावला. मीटरने १२ व्होल्ट दाखविले.

"वीज तर पुरेपूर येते! म्हणजे दोष पंपाचाच."

"आता पंप जोडून मोज."

या वेळी मीटर ४ व्होल्टांवरच थांबला. तरुण गोंधळून गेला.

उस्ताद म्हणाले, "आपल्या शहरातील पाणचक्की पाहिली आहेस ना? वरून पाणी कितीही आले, तरी खालची वाट तुंबली तर चाक फिरेल का? विजेलाही परतीची वाट लागते. मोटारीत ती लोखंडी सांगाड्यातून बॅटरीकडे जाते. पंप सोडविलास तेव्हा प्रवाहच वाहत नव्हता. मग वाटेतला अडथळा कसा कळणार?"

तरुणाने मीटरचे एक टोक पंपाच्या परतीच्या तारेला व दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावले. किल्ली फिरविताच मीटरने ८ व्होल्ट दाखविले. तेथे जवळजवळ शून्य असावयास हवे होते! तारेचा माग काढीत तो मोटारीखाली शिरला. तार जेथे सांगाड्याला जोडलेली होती, तेथील बोल्ट गंजून गेला होता.

बॅटरी सोडवून त्याने गंज घासून काढला आणि बोल्ट घट्ट आवळला. बॅटरी पुन्हा जोडून किल्ली फिरविली. टाकीतून मंद गुणगुण ऐकू आली आणि पाठोपाठ इंजिन सुरू झाले. चालकाने केवळ मजुरी दिली व तो आनंदाने निघून गेला.

त्या संध्याकाळी तरुणाने आपल्या वहीत दोन आकडे लिहून ठेवले: १२ आणि ४.

स्वाध्याय

१. पंप जोडल्यावर मीटरवरील आकडा का उतरला?
२. तरुणाने वहीत ते दोन आकडे का लिहिले असावेत?