वयात येणारी मुले आणि माता-पित्यांची जबाबदारी

सूरह नूरच्या 58 व 59 व्या आयतींमध्ये अल्लाहने घरात वावरण्याचे शिष्टाचार शिकविले आहेत. लहान मुलांनी दिवसातील ठरावीक तीन वेळी परवानगी घेऊन खोलीत यावे. तीच मुले वयात आली की मोठ्यांप्रमाणे प्रत्येक वेळी परवानगी घ्यावी. म्हणजे मूल बालिग झाले याची जाणीव घराला असणे कुरआनला अपेक्षित आहे. नमाज व रोजा तेव्हापासून फर्ज होतात. मग वाचकहो, ज्या दिवसापासून मुलाच्या कर्मांचा हिशेब सुरू होतो, त्या दिवसाविषयी आपल्या घरात एक शब्दही का उच्चारला जात नाही?

शरीरात काय घडते?

वयात येण्याचा आरंभ मेंदूत होतो. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग वाटाण्याएवढ्या पियुषिका ग्रंथीला संदेश देतो. ती ग्रंथी दोन संप्रेरके रक्तात सोडते. मुलगा असो वा मुलगी, ही दोन्ही संप्रेरके तीच असतात. मुलांमध्ये त्यांच्यामुळे वृषणांत टेस्टोस्टेरॉन व शुक्राणू तयार होऊ लागतात. आवाज फुटतो, मिसरूड येते आणि झोपेत वीर्यस्खलन, म्हणजे एहतलाम, होऊ लागतो. हा आजार नव्हे व गुनाहही नव्हे. त्यानंतर गुस्ल मात्र फर्ज आहे. हे वडिलांनी सांगितले नाही, तर ‘अशक्तपणा’ची भीती घालणारे भोंदू वैद्य सांगतात.

मुलींमध्ये बदामाएवढ्या दोन बीजांडकोषांतून इस्ट्रोजन स्रवते आणि गर्भाशयाचे आतील अस्तर जाड होऊ लागते. पुढील पाळीच्या सुमारे 14 दिवस आधी एक बीज बाहेर पडते. मग प्रोजेस्टेरॉन ते अस्तर गर्भाच्या पोषणासाठी सज्ज ठेवते. गर्भ राहिला नाही, तर या संप्रेरकांचे प्रमाण घटते व अस्तर गळून पडते. हीच मासिक पाळी, हैज. लोक समजतात तसे हे शरीरात साठलेले ‘घाण रक्त’ नाही. येऊ शकणाऱ्या बाळासाठी केलेली ती तयारी होती.

धर्माची शिकवण

आपल्या आसपास पाळीच्या दिवसांत मुलीला ‘कावळा शिवला’ म्हणून बाजूला बसविण्याची प्रथा होती. मुस्लिम घरांतही तिची छाया अधूनमधून दिसते. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे आचरण पाहा. हजरत आयेशा (रजि.) हैजच्या अवस्थेत ज्या भांड्यातून पीत, त्याच भांड्याला, त्याच जागी ओठ लावून ते पाणी पीत. हजच्या प्रवासात पाळी आल्याने त्या रडू लागल्या, तेव्हा अल्लाहने आदमच्या लेकींसाठी हे ठरविलेच आहे, असे सांगून त्यांनी दिलासा दिला.

फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांनी न थांबणाऱ्या रक्तस्रावाविषयी थेट प्रेषितांना विचारले. हे हैज नसून नसेतील रक्त आहे, नमाज सोडू नये, असे उत्तर मिळाले. या स्रावाला इस्तिहाजा म्हणतात. हैजची कमाल मर्यादा हनफी मसलकात 10 दिवस, तर कोकणातील बहुसंख्य मुस्लिम ज्या शाफई मसलकाचे आहेत त्यात 15 दिवस आहे. हैजमध्ये नमाज माफ आहे, तिची कजा नाही. सुटलेल्या रोजांची कजा मात्र करावी लागते. हे हिशेब मुलीला कोण शिकविणार?

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ती अनियमित असू शकते. तथापि स्राव सात दिवसांहून अधिक चालला, फार जास्त झाला किंवा 15 वर्षांपर्यंत पाळी आलीच नाही, तर डॉक्टरांकडे जावे. मसला आलिमांना विचारावा आणि उपचार डॉक्टरांकडून घ्यावेत. एकामुळे दुसरे टाळू नये.

लज्जा आणि ज्ञान

हया हा ईमानचा भाग आहे. परंतु दीन समजून घेण्यात लज्जा आड येऊ दिली नाही, म्हणूनच हजरत आयेशा (रजि.) यांनी अन्सारी स्त्रियांची प्रशंसा केली. मुलींना आठ-नऊ वर्षांच्या आसपास आईने आणि मुलांना दहाव्या वर्षाच्या सुमारास वडिलांनी शांतपणे, शुद्ध शब्दांत हे सांगावे. पहिला डाग पाहून घाबरलेली मुलगी न्हाणीघरात एकटी रडत बसू नये आणि रमजानमध्ये लपूनछपून पाणी पिताना तिला अपराधी वाटू नये, एवढे तरी आपण करू शकतो.

मुले ही आपल्याकडे सोपविलेली अमानत आहे. तिचा हक्क अदा करण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.